शनिवारचा भांडणाचा तास

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी पहिल्यांदा गेले ती जेवणासाठी. भाषेचं प्रेम वगैरे नंतरचं. मी परदेशी शिकायला आलेली; क्लेटन या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात दोघी पंजाबी मुली, एक तेलुगू मुलगी, एक गुजराती जोडपं आणि मी असे सगळे राहायचो. घरात हिंदी, युनिव्हर्सिटीत इंग्रजी आणि पहाटे बेकरीच्या शिफ्टला मालकाचं ग्रीक वळणाचं इंग्रजी. मराठी उरलं होतं ते कॉलिंग कार्डावरून आईशी बोलण्यापुरतं. तिथेही 'सगळं छान चाललंय, तू काळजी करू नकोस' याच्यापुढे माझी गाडी जात नसे, कारण खरं सांगितलं असतं तर आईची झोप उडाली असती. म्हणजे ज्या भाषेत मी नुसतं खोटं बोलायचे, ती माझी मातृभाषा. याचा मला मनापासून संताप यायचा.

ते विद्यार्थ्यांच्या लाटेचे दिवस होते. कुणी अकाउंटिंग करत होतं, कुणी स्वयंपाकाचा कोर्स, कुणी केस कापायचा. ज्या कोर्सनं पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळेल असं कुणीतरी सांगितलेलं असे तो. मंडळातली जुनी माणसं आमच्या कितीतरी आधी डॉक्टर-इंजिनिअर म्हणून आलेली. आमच्याकडे ती थोडी संशयानं बघायची आणि थोडी आशेनं. त्या दिवशी अध्यक्षकाका भाषणात म्हणाले, "आपली मुलं मोठी झाली आणि इंग्रजीत गेली. आता ही नवी मंडळी आली आहेत, आता मराठी टिकेल." टाळ्या पडल्या. मग नव्या मंडळींना हॉलमधल्या खुर्च्या उचलायला सांगण्यात आलं. चौथ्या फेरीला माझा पारा चढला आणि मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "मराठी काय या खुर्च्यांखाली सापडायचंय का?"

काका मागेच उभे होते. उंच, शिडशिडीत, इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. पण ते म्हणाले, "आवाज खणखणीत आहे तुझा. शनिवारचा मुलांचा वर्ग घेशील का?"

आधीच्या बाई नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे दुसऱ्या शहरात, गुंगालिनला राहायला गेल्या होत्या. वर्ग एका प्राथमिक शाळेच्या खोलीत भरायचा. शाळेची अट एकच: मुलं दहाच्या खाली गेली की खोली परत. तेव्हा बारा होती. पगार नाही, दोन बस बदलायच्या, आणि शनिवारची दुपार ही बेकरीत हमखास जादा शिफ्ट मिळण्याची वेळ. तरी मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आठवड्यातून दोन तास मला खरं मराठी बोलायला मिळणार होतं, आणि ते मला हवं होतं.

पहिल्या शनिवारी मुलं थेट मैदानावरून आली. कुणी फुटीच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या, चिखलात माखलेलं, कुणी नेटबॉलच्या स्कर्टमध्ये. काकांनी दिलेल्या झेरॉक्स प्रतींमध्ये श्लोक होते, पाढे होते आणि बैल पाणी पीत होता. "ताई, व्हाय इज द बैल ऑल्वेज थर्स्टी?" एकानं विचारलं. मी कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, तुम्हाला जेवढं मराठी येतं तेवढं सांगा, मी फळ्यावर लिहिते.

फळा भराभर भरला. गप बस. आवर लवकर. हात धू. डोकं खाऊ नकोस. कार्टे. ठेव ते खाली. एक शब्द ऐकून घेणार नाही. पाठ करून घेतल्यासारखं अस्खलित, आयांच्या सुरासकट. मी मागे सरकून फळा वाचला आणि हसता हसता थांबले. सगळेच हुकूम होते. ज्यानं पोराला उलटून काही म्हणता येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. घरात मराठी वरून खाली येत होतं, खालून वर काही जात नव्हतं. बिचारी पोरं उत्तर इंग्रजीत देणार नाहीत तर काय करणार?

त्याच वेळी मी ठरवलं की यांना भांडायला शिकवायचं.

नियम दोनच केले. इंग्रजी शब्द आला तर चालेल, पण वाक्य मराठीत पूर्ण झालं पाहिजे. आवाज चढला तरी हरकत नाही, हात उचलायचा नाही. मग मी हत्यारं वाटली. 'आधी माझं ऐकून घे.' 'हा कुठला न्याय?' 'आलाय मोठा शहाणा!' 'चूक तुझी आणि शिक्षा मला?' आणि सगळ्यांची लाडकी झालेली 'चोराच्या उलट्या बोंबा'. चोरी करणाराच वर आरडाओरडा करतो, एवढं सांगितल्यावर मुलांचे डोळे लकाकले. प्रत्येकाच्या घरात असा एक चोर होता. गाडीत पुढे कोण बसणार, भेंडी कुणी शोधून काढली, मोठ्यांनी टीव्ही बघितला तर बातम्या आणि आम्ही बघितला तर वेळ वाया असं का, यावर आमचे शनिवार गाजू लागले. बसमधून क्लेटनला परतताना माझा घसा बसलेला असायचा आणि मी भलतीच खुशीत असायचे.

मागच्या बाकावर एक दहा वर्षांची मुलगी बसायची. हुडी डोक्यावर ओढलेली. काहीही विचारा, "फाइन." एकदा समोरच्या मुलानं नेटबॉल हा काही खरा खेळ नाही असं जाहीर केलं. हुडी मागे पडली. ती उठून उभी राहिली, शब्द सापडेनात म्हणून लालबुंद झाली, आणि मग म्हणाली, "तू... तू आधी खेळून दाखव! मग तोंड उघड!" त्या दिवसापासून तिला आवरणं कठीण होऊन बसलं.

आणि तिथेच माशी शिंकली.

एका गुरुवारी काकांचा फोन आला. "काय शिकवतेस तू वर्गात?"

"मराठी."

"दोन तास मुलं नुसती भांडतात, असं कानावर आलंय."

"मराठीत भांडतात, काका."

"श्लोक कुठे गेले?"

"श्लोक घोकून होतात. त्यानं बोलता येत नाही."

मग काकांनी सांगितलं की नेटबॉलवाल्या मुलीनं फोनवर आपल्या आजीला 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हटलं. तिच्या आईनं वर्गातून नाव काढलं. तिच्याच गाडीतून आणखी तीन मुलं यायची, तीही बंद. "आठ उरली. येत्या शनिवारी मी स्वतः येतो, मुलांना सांगतो आणि शाळेला खोली परत करतो. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण लोक मुलांना संस्कारांसाठी पाठवतात."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. नंतर राग आला, आणि राग रडण्यापेक्षा बरा. मंडळ म्हणायचं मराठी टिकवा, पण पोरांनी तोंड उघडलं की म्हणायचं गप्प बसा. त्यांना काचेच्या कपाटातलं मराठी हवं होतं. मला माझे दोन तास हवे होते, आणि त्या आठ मुलांना त्यांचे. मी ठरवलं, वर्ग बंद पडू द्यायचा नाही. एक आई परत आली तर चारही मुलं परत येणार होती. तेव्हा त्या आईलाच गाठायचं. मधे एकच शुक्रवार होता आणि त्या दुपारी युनि, म्हणून बेकरीच्या मालकाला गयावया करून दुसऱ्याच सकाळची शिफ्ट बदलून घेतली आणि ग्लेन वेव्हर्लीला त्यांच्या घरी जाऊन धडकले.

त्या दिवशी शाळांना सुट्टी होती, म्हणून त्या बाईंनी ऑफिसातून रजा घेतली होती. दार त्या बाईंनीच उघडलं. 'काकू' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं, म्हणून मी 'ताई' म्हटलं. त्याही आमच्यासारख्याच विद्यार्थी म्हणून आलेल्या, पण आधीच्या काळात. आता आयटीत होत्या. आत घेतलं, चहा टाकला. घरी आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही आणि सुनावल्याशिवायही नाही, अशा बाण्याची बाई.

"माझी आई सांगलीला एकटी असते," त्या म्हणाल्या. "दर रविवारी आम्ही फोन करतो. तिला नात म्हणते चोराच्या उलट्या बोंबा! मी तोंड कुठे लपवू सांग?"

"पण भांडण कशावरून झालं?"

"आई म्हणाली, तू मला कधी आपणहून हाक मारत नाहीस. तर ही म्हणते, तूच नेहमी दादाला आधी बोलावतेस, मला शेवटी, आणि वर मलाच विचारतेस? आणि मग ते."

"बोलावतात का दादाला आधी?"

"बोलावते."

"मग ती खोटं कुठे बोलली?"

"खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही!" त्यांनी गाळणं ओट्यावर आपटलं. "मोठ्यांशी असं बोलतात? त्यानंतरच्या रविवारी मी सांगितलं, ती मॅचला गेलीये. आईचा आवाज एवढासा झाला होता. मी हिला फोनच्या जवळ फिरकू देणार नाहीये आता."

मी म्हणाले, मी आजींची माफी मागते, तुम्ही म्हणाल तशी मागते, पण मुलीला पाठवा. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. चहा संपला होता. मी उठले नाही. बाहेर हाकलेपर्यंत उठायचं नाही असं मी बसमध्येच ठरवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी नंबर बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. तिकडून फोन महाग पडतो म्हणून आजी कधी आपणहून करत नसत. ओल्या हातांनी त्यांनी स्पीकर लावला. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? त्या भांडकुदळीला दे."

"आई, तिच्या वतीनं मी तुझी..."

"तुला कोण विचारतंय? आणि मॅच संपली की नाही तिची अजून? माझं उत्तर द्यायचं राहिलंय. दे तिला."

मुलगी जिन्यात येऊन उभी होती. किती वेळची ते माहीत नाही. ती खाली आली आणि फोनसमोर उभी राहिली. आजींनीच सुरुवात केली. "का गं, मी चोर काय?"

"हो!" मुलगी म्हणाली. "कारण... कारण तू आधी दादाला बोलावतेस. एव्हरी टाइम. हा कुठला न्याय?"

"तुझा दादा दोन शब्दांत आटपतो. तुझ्याशी सावकाश बोलावं म्हणून तुला शेवटी ठेवते मी. कळलं?"

ताई सवयीनं पुढे झाल्या. "बेटा, आजी इज सेइंग दॅट..."

"मला कळतंय, आई!" मुलगी ओरडली.

"तू मध्ये पडू नकोस गं," सांगलीहून आजी म्हणाल्या.

"मग तू मला तसं सांगायचं ना!" मुलगी पुन्हा फोनवर तुटून पडली. "मला कसं कळणार? मी काय मनातलं वाचते?"

"आणि सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? फाइन! इतकी वर्षं मी फाइन ऐकतेय. फाइनशी काय सावकाश बोलू?"

मुलीनं नाक वर ओढलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मला आधी बोलव."

"बघू."

"बघू नाही! आधी!"

आजी हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मग दोघी भेंडीवर गेल्या, मग नेटबॉलवर, आणि आजींनी असले तोकडे स्कर्ट घालून खेळायचं म्हणजे काय असं विचारल्यावर पुन्हा नव्यानं जुंपली.

ताई सिंकपाशी गेल्या होत्या. नळ सोडला होता, आणि धुवायला काही नव्हतं. मी जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हिला बोलता यायला लागल्यापासून मी या दोघींच्या मध्ये उभी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हिचं तिला सांगायचं, तिचं हिला. आज दोघींनी मला हाकलून दिलं गं." आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. मलाही भरून आलं. माझी आई आठवली, आणि तिच्याशी मी किती दिवसांत भांडले नाही तेही. दारात मला सोडताना ताई म्हणाल्या, "उद्या आणते चौघांना. पण माझ्याशी भांडली ना, तर उचलून तुझ्या घरी आणून टाकीन."

शनिवारी काका माझ्या आधी येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे त्यांचे गुडघे पार वर आले होते. मुलं येत गेली. शेवटी ताईंची गाडी आली आणि त्यातून चारही जणं उतरली. ताई आत येऊन काकांना म्हणाल्या, "माझी तक्रार मी मागे घेतेय. आईनंच सांगितलंय." काका नियमाचे पक्के. बारा झाली म्हटल्यावर खोली परत द्यायचं कारण उरलं नाही. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. "ठीक आहे. पण मी बसतो आज. बघू दे काय चालतं ते."

मी मुलांना म्हटलं, आजचा विषय काका. त्यांनी वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. विचारा त्यांना.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की दुसरी कुणी असती तर विषय बदलला असता. नेटबॉलवाली उठली. "काका, तुम्ही आम्हाला आधी विचारलंत का?"

काकांनी घसा साफ केला. "लुक, द थिंग इज..."

"मराठीत!" बारा तोंडं एकदम.

मला हसू आवरेना. तीस वर्षं मंडळ चालवलेला माणूस, पण समोर पोर दिसलं की जिभेवर इंग्रजीच यायचं. आमच्या सगळ्या मराठी घरांत हेच चालायचं. भाषणं मराठीत, आणि मुलांशी इंग्रजीत. काका ओशाळले. मग मराठीत म्हणाले की मोठ्यांना मुलांचं हित जास्त कळतं. यावर जो गलका उठला तो काय सांगू! 'हा कुठला न्याय' झालं, 'आधी आमचं ऐकून घ्या' झालं. काकाही कच्चे नव्हते. आवाज चढला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर गेल्या, "अरे, उचलली जीभ लावली टाळ्याला!" असं ते गरजले, तेव्हा मुलांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि लगेच त्यांच्यावरच वापरला. गाल लाल झाले होते त्यांचे. असं मनसोक्त भांडायला त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नसावं.

मुलं गेली. काका उठले नाहीत. मी फळा पुसत होते.

"माझा मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे," ते एकदम म्हणाले. "सिडनीला असतो, टूनगॅबीत. दोन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही."

मी हात थांबवला. "काय झालं, काका?"

"भांडण. कशावरून ते जाऊ दे. तो इंग्रजीत भांडला. त्याला तेच येतं, मीच शिकवलं. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजी बोलतो, भाषणं करतो. पण राग आला की मला इंग्रजी सुचत नाही गं. एक शब्द आला नाही तोंडातून. मी नुसता बसून राहिलो." त्यांनी बाह्या खाली घेतल्या. "त्याला वाटलं, मला काही म्हणायचंच नाहीये. तो उठून गेला."

मी त्यांच्यासमोरची एक छोटी खुर्ची ओढली आणि बसले.

"मी तो आहे असं समजा," मी म्हणाले. "काय म्हणायचं होतं?"

काकांनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गाढवा, आधी माझं ऐकून घे."